चिंध्यांत बांधलेली वाक्यं

त्यांना एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की ते सरळ कानांवर हात ठेवायचे. "अर्थ मला ठाऊक नाही. वाक्य आण, मग बघू." मग विचारणारा बिचारा दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या वाक्य जुळवायचा. ते जमलं की अण्णांचे पुढचे प्रश्न ठरलेले. हे कोण म्हणालं? कुणाला म्हणालं? तेव्हा काय चाललं होतं? एवढं सगळं सांगून होईपर्यंत विचारणाऱ्याला अर्थ आपोआप कळलेला असायचा, आणि अण्णा मशीनचं चाक फिरवायला मोकळे.

हे आमचे घरमालक. धंद्याने शिंपी. बंगळूरच्या चामराजपेटेतल्या एका क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, पुढे त्यांचं दुकान, मधे त्यांच्या दोन खोल्या आणि मागे आम्ही, असं ते लांबोडकं घर. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज सैन्याबरोबर तंबू शिवायला इकडे आले. सैन्य गेलं, तंबू गेले, शिंपी मात्र राहिले, असं ते सांगत. खरं-खोटं देव जाणे, पण सांगताना ते असे ऐटीत बसत की वाटावं, सुई-दोरा घेऊन ते स्वतःच त्या सैन्यात होते.

मी लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आले ती एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटाशेवटाची वर्षं. ह्यांना इथल्या एका कारखान्यात नोकरी. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, तीही पहिल्या वर्गात, आणि ते कुणाला सांगायचं राहून जाऊ नये याची पुरेपूर काळजी घेणारी. आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

अण्णांचं मराठी ऐकून पहिले सहा महिने माझ्या कपाळावर आठ्या होत्या. "पोरी, स्वल्प थांब, कापी पिऊन जा." "सरी, सरी, उद्या येतो की." स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं, ठीक. मी रात्री जेवताना ह्यांना म्हणायचे, "ही भाषा आहे की कोशिंबीर?" हे म्हणायचे, "कोशिंबीर तुला आवडते ना? मग खा." ह्यांच्याशी भांडण्यात मला कधी मजा म्हणून आली नाही.

अण्णा बुटके, गोरे, आणि चोवीस तास गळ्यात टेप. जेवायला बसले तरी टेप. डाव्या कानावर खडू, उजव्या कानावर पेन्सिल. खडू कापडासाठी, पेन्सिल वाक्यांसाठी. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता मधेच हात थांबायचा, उजव्या कानाकडे जायचा, आणि खाकी कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी लिहिलं जायचं. नवखं गिऱ्हाईक समजायचं की छातीचं माप लिहिताहेत. जुन्यांना माहीत असायचं. त्या बायका मुद्दाम त्यांच्यापुढे छान छान बोलायला जायच्या, तर ते हलवायाने शिळी मिठाई बघावी तसे बघायचे. ठरवून बोललेलं वाक्य त्यांना चालत नसे.

हे वेड लागलं कसं, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. तरुणपणी, नुकतं दुकान स्वतःकडे आलं तेव्हा, एका सकाळी तीन बायका आल्या. पहिली म्हणाली, चोळी काखेत लागते. दुसरीला त्यांनी सांगितलं की कापड कमी आहे, तर तिने विचारलं, अजून किती लागेल? तिसरीने एक पिवळंजर्द अस्तर बघून तोंड फिरवलं आणि म्हणाली, हे डोळ्यांना लागतं. तिघीही आपापल्या कामाने निघून गेल्या. अण्णा मात्र कात्री हातात धरून बसून राहिले. "तिघींनी तीन गोष्टी सांगितल्या, पोरी. मला तिन्ही कळल्या. विचार न करता कळल्या. पण शब्द एकच. मग मला कळलं ते कशावरून?"

त्या 'कशावरून'च्या मागे ते तीस-पस्तीस वर्षं होते. बरं, सगळ्या शब्दांच्या मागे नाही. फक्त चार. लागणे, पडणे, बसणे आणि काढणे. चार शब्दांच्या चार पत्र्याच्या पेट्या. मी विचारलं होतं, "आणि बाकीचे शब्द?" तर म्हणाले, "ते शिकलेल्या लोकांनी बघावेत. मला ह्या चौघांनीच पुरेसं दमवलंय."

एकदा मार्केटकडून कुणी कॉलेजातले प्राध्यापक आले. कोट शिवायला टाकायचा होता. बोलता बोलता कुणीतरी त्यांच्या कानावर अण्णांचं वेड घातलं. प्राध्यापक मोठ्या मनाने म्हणाले, "अहो, लागणे या क्रियापदाचे सगळे अर्थ कोशात क्रमाने दिलेले आहेत. मी तुम्हांला उतरवून देईन." अण्णांनी त्यांच्या पाठीचं माप घेत घेत विचारलं, "त्यात गाडी लागणारा माणूस आहे का? म्हणजे बसमध्ये ज्याला मळमळतं तो?" प्राध्यापक म्हणाले, असेल. "तळाला लागलेला भात?" असायला हवा. "नवी चप्पल लागून सोलवटलेली टाच?" प्राध्यापकांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "आणि हे सगळं ज्याला वाचायचंय त्याने आपल्या पुढ्यातला कुठला, ते कसं ओळखायचं?" "संदर्भावरून," प्राध्यापक म्हणाले. "हां," अण्णा म्हणाले, "तोच मी गोळा करतो. हात वर करा, काखेचं माप राहिलंय."

मला त्या दिवशी प्राध्यापकांचाच कैवार आला होता. शिंप्याने शिंप्यासारखं राहावं, असंसुद्धा मनात आलं. सांगून टाकते, लपवण्यात काय अर्थ आहे.

अण्णांची बायको मी यायच्या दोन वर्षं आधी गेलेली. मी तिला पाहिलंही नाही. तिचा फोटोसुद्धा घरात नव्हता, काढलाच नव्हता म्हणे. तिच्याबद्दल ते फारसं बोलत नसत. एवढं मात्र कळलं होतं की ज्या घरी मयत झालंय तिथे पेन्सिल न्यायची नाही, हा नियम तिचा. एकदा अशाच एका घरी, सगळे रडत असताना, अण्णांचा हात कानाकडे गेला होता. घरी आल्यावर ती दोन दिवस बोलली नव्हती. तेव्हापासून अशा ठिकाणी जाताना ते पेन्सिल काढून देव्हाऱ्यात ठेवत. पण वाक्य थोडंच थांबतं. मग परतताना रस्ताभर ओठ हलवत, पाठ करत करत यायचे. लोक समजायचे, मृताच्या नावाने रामनाम चाललंय.

आता त्या पेट्यांत काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चिटोऱ्यांवर फक्त वाक्य असे. कोण म्हणालं, त्याचं नाव नाही. नावाची त्यांना गरजच नव्हती. पेठेतल्या बहुतेकांचे कपडे तेच शिवायचे. ज्याचं वाक्य त्याच्याच कपड्याच्या उरलेल्या तुकड्यात ते बांधून ठेवायचे. पुरोहितांच्या आईची वाक्यं तिच्या तपकिरी चोळीच्या तुकड्यात, कोपऱ्यावरच्या गवंड्याची वाक्यं त्याच्या निळ्या सदऱ्याच्या तुकड्यात. प्रत्येक माणसाचं एक गाठोडं. चिंधी बघितली की माणूस कळायचा. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मला वाटायचं, शिंपी आहे, घरात चिंध्यांना तोटा नाही, म्हणून कागद चिंध्यांत गुंडाळतो.

एकदा तंजावरला नात्यातलं लग्न निघालं आणि अण्णा आठ दिवसांसाठी गेले. जाताना पहिल्या पेटीची, म्हणजे 'लागणे'च्या पेटीची किल्ली माझ्याकडे दिली. "पोरी, कसर लागायला लागली आहे. एवढ्या गाठोड्यांना दोन दिवस ऊन दाखव. जरीच्या लुगड्यांना दाखवतो तसं. बाकी काही करू नको."

बाकी काही करू नको, असं स्पष्ट सांगितलं होतं. मी ते ऐकलं, आणि पहिल्या वर्गाच्या बी.ए.ने ते सोडून दिलं.

अंगणात चटईवर गाठोडी मांडली तेव्हा मी एक सोडून बघितलं. मग दुसरं. वाक्यं वाचता वाचता मला गंमत वाटायला लागली आणि मग कीवही आली. केवढी मेहनत, आणि कशाचा कशाला मेळ नाही. झोप लागण्याशेजारी ठेच लागलेली, त्याच्याशेजारी नात्याने कोण लागतो ते. मी ठरवलं, अण्णा येईपर्यंत हे शास्त्रशुद्ध लावून ठेवायचं. मग माझ्या पुण्याच्या सरांना पत्र लिहायचं, ते कुठेतरी छापून आणतील, आणि अण्णा जन्मभर माझं नाव काढतील.

आठही दिवस मी तेच केलं. ह्यांचं दोन्ही वेळा पिठलं-भातावर भागवलं. सगळी गाठोडी सोडली, चिटोरी एकत्र केली आणि अर्थाप्रमाणे वेगळी केली. गरज असणे. स्पर्श होणे. इजा होणे. बंद होणे. चव जाणवणे. नाते असणे. सुरुवात होणे. त्रेचाळीस अर्थ निघाले. त्रेचाळीस पाकिटं केली, प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात मथळा, डाव्या कोपऱ्यात क्रमांक. चिंध्या साबणाने धुतल्या, वाळवल्या, इस्त्री केली आणि रंगाप्रमाणे चळत लावून ठेवली. इतकं स्वच्छ काम मी आयुष्यात पुन्हा केलं नाही.

अण्णा सकाळी आले. मी कॉफी दिली आणि त्यांना पेटीपाशी घेऊन गेले. त्यांनी पाकिटं बघितली. एक उघडलं, दोन-तीन चिटोरी वाचली, परत ठेवली. मग चिंध्यांच्या चळतीवर हात ठेवला.

"अक्षर छान आहे तुझं," ते म्हणाले.

मी खूश झाले. इतकी मूर्ख होते.

मग त्यांनी चळतीतून एक तुकडा ओढून काढला. गडद निळा खण, लाल काठाचा. "ह्यातलं गाठोडं कुठलं होतं, आठवतंय का?"

मी म्हटलं, "अण्णा, ती सगळी एकत्र केली ना. पण एकसुद्धा हरवलेलं नाही. मोजून देते."

"हे माझ्या हिचं होतं," अण्णा म्हणाले.

तेव्हा त्यांनी मला ते चिंध्यांचं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मी तरी भांडून मोकळी झाले असते. तिचा फोटो नव्हता. तिच्या हातचं लिहिलेलं काही नव्हतं, कारण तिला लिहिता येत नव्हतं. होती ती ही वाक्यं. तीस वर्षं ती घरात जे बोलली त्यातलं जेवढं एका शब्दाभोवती सापडलं तेवढं. आणि मी ते त्रेचाळीस पाकिटांत वाटून टाकलं होतं. मी मागच्या खोलीत जाऊन दार लावून रडले. हे कारखान्यातून आले तेव्हा स्वयंपाक झालेला नव्हता आणि त्यांनी एका शब्दाने काही विचारलं नाही, हे त्यांचं मोठेपण मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी मला हाक मारली. कापड बेतायच्या लांब मेजावर त्यांनी सगळ्या चिंध्या एकेक करून पसरून ठेवल्या होत्या. "एकेक वाच. मोठ्याने. मी सांगतो कुणाचं ते."

मी वाचलं, "बस लागते हो मला, खिडकी सोडा."

"पुरोहितांची आई. मधे 'हो' घातल्याशिवाय तिचं वाक्य पुढे सरकत नाही. तपकिरी तुकडा."

"लागलं एकदाचं. चाळीस फुटांवर लागलं."

"गवंडी. देवळामागची विहीर खणली तेव्हा. पाणी हा शब्द वाक्यात नाही, बघ. तू 'विहिरीत पाणी आढळणे' म्हणून ते बरोबर लावलं होतंस. कसं ओळखलंस?"

"चाळीस फूट म्हटल्यावर दुसरं काय असणार?"

"हां," अण्णा म्हणाले. "तेच. आता तसंच माणूसही ओळखायचा."

"भात लागला तर लागू दे, तू बोल पुढे."

अण्णा हसले. "कावेरक्का. दुसरं कोण हातातलं काम टाकून गप्पा मारणार?" कावेरक्का म्हणजे शेजारची विधवा बाई, अण्णांच्या बायकोची जिवाभावाची मैत्रीण. ती त्या वेळी म्हैसूरला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती.

असं आमचं रोज दुपारी दोन तास चालायचं. दसऱ्यापासून चाललं ते संक्रांत आली तरी चाललंच होतं. मला वाटलं होतं, पहिल्या आठवड्यात हात टेकतील. पण त्यांना वाक्यामागचा माणूस दिसायचा. कुणी 'लागेल' म्हणतं, कुणी 'लागंल'. कुणी मागताना आधी कारण सांगतं, कुणी आधी मागतं. हळूहळू मलाही दिसायला लागलं. एकदा मी वाचायच्या आधीच तुकड्याकडे बोट केलं तर अण्णा म्हणाले, "सरी," आणि मला विद्यापीठाच्या निकालाच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता एवढा आनंद झाला.

अण्णांच्या बायकोची वाक्यं आखूड. क्रियापद आलं की संपली. "ऊन लागंल, टोपी घ्या." "तुम्हांला झोप लागली होती, म्हणून नाही उठवलं." "पाहुण्यांना ताक लागंल." निळ्या खणावर एकेक चिटोरं जमत गेलं. तिचं आलं की अण्णा मला पुन्हा वाचायला सांगायचे, जरा सावकाश. पण आखूड वाक्याची पंचाईत अशी की ते कुणाचंही असू शकतं. शेवटी चौदा चिटोरी उरली. अण्णा ती रोज वाचायचे आणि रोज परत ठेवायचे. "तीस वर्षं ऐकत होतो," ते एकदा म्हणाले, "आणि आता आवाज ओळखू येत नाही."

मला ते ऐकवलं नाही. मी चौदा चिटोरी पदराला बांधली आणि पेठेत फिरायला निघाले. घरोघर जायचं, ओट्यावर बसायचं, वाचून दाखवायचं. हे तुम्ही कधी म्हणाला होतात का हो? पहिल्यांदा लोक माझ्याकडे संशयाने बघायचे, मग कॉफी यायची, मग आठवणी. ज्या कोशिंबिरीला मी नाकं मुरडली होती तीच मला आता ऐकाविशी वाटत होती. नऊ वाक्यांचे मालक सापडले. चार वाक्यं तिचीच निघाली, कारण ती म्हणताना समोर असलेलं माणूस भेटलं. फुलवाली म्हणाली, "हे तर तिनं मलाच म्हटलेलं, माझ्या पायाला खिळा लागला तेव्हा." अशी चार खणात गेली. अण्णा प्रत्येक वेळी विचारायचे, "आणखी काय म्हणाली? हसली का?" मी सगळं सांगायचे.

एकच उरलं. "मला एवढंच लागतं."

त्या एकावर अण्णा अडून बसले. मी म्हटलं, राहू द्या ना एक. तेव्हा त्यांनी खणावरची सगळी चिटोरी माझ्यापुढे सरकवली. "वाच बघू. सगळी वाच." मी वाचली. ऊन अण्णांना लागेल. ताक पाहुण्यांना लागेल. खिळा फुलवालीला लागलेला. तेल देवाला लागतं. "ह्यात तिला स्वतःला काय लागतं, ते कुठे आहे?" अण्णा म्हणाले. "हे एक वाक्य तिचं असलं तर तिनं काहीतरी मागितलं होतं. काय ते मी आठवून काढीन. नसलं तर…" त्यांनी ते चिटोरं मेजावर ठेवून त्यावर कात्री ठेवली, वाऱ्याने जाऊ नये म्हणून.

संक्रांतीनंतर कावेरक्का म्हैसूरहून परत आली. मी त्याच दुपारी तिच्याकडे गेले. देवाला हात जोडूनच गेले होते की हिने म्हणावं, हे तिचंच. मी वाक्य म्हणून दाखवलं. कावेरक्काने शेंगा सोलता सोलता वर पाहिलं आणि हसली.

"हे माझं की. मालक गेल्यावर पहिल्यांदा चोळी टाकली ना, तेव्हा तुझे अण्णा म्हणाले, बाहीला बारीक किनार लावू का? मी म्हटलं, अय्यो, नको. साधी शिवा, मला एवढंच लागतं. मुंदीचं सगळं आठवतं मला." मुंदी म्हणजे नंतर की आधी, ते मी तिला विचारलं नाही. मी उठायला लागले. "का गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सहज.

तिच्या दारापासून आमच्या दारापर्यंत वीस पावलं. तेवढ्यात मी ठरवलं. कावेरक्का काय, उद्या विसरेल. एका चिटोऱ्याने कुणाचं काय बिघडणार आहे? म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटेल. आणि खरं सांगायचं तर माझ्याही जिवाला. त्या इस्त्री केलेल्या चिंध्या मला अजून डोळ्यांसमोर दिसत होत्या.

अण्णा काज करत बसले होते. मी आत गेले आणि म्हटलं, "कुणाचाच पत्ता लागला नाही, अण्णा. कावेरक्कांनाही नाही माहीत. तिचंच असणार ते."

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. माझ्याकडे बघितलं.

"तू रोज 'अण्णा' म्हणून सुरुवात करतेस," ते म्हणाले. "आज शेवटी म्हणालीस."

 मग मी खरं ते सांगितलं. किनार, साधी बाही, सगळं जसंच्या तसं. ते ऐकत होते. ऐकता ऐकता मान हलवायला लागले. त्यांनाही आठवलं होतं. कात्री बाजूला करून त्यांनी ते चिटोरं उचललं आणि कावेरक्काच्या पांढऱ्या तुकड्यात ठेवलं.

"म्हणजे तिनं काही मागितलंच नाही," अण्णा म्हणाले. "निदान माझ्या कानावर तरी नाही."

मला वाटलं, ते रडतील. मीच रडत होते. त्यांनी निळ्या खणाची टोकं जुळवली, गाठ मारली, गाठोडं दोन्ही हातांत धरून एकदा वजन बघितल्यासारखं केलं आणि पेटीत ठेवलं. मी म्हटलं, "अण्णा, मी खोटं बोलायला नको होतं." ते म्हणाले, "तुला माझी दया आली. पण दुसऱ्याची वाक्यं घालून मी तिला बोलती करायला लागलो, तर तिचं बोलणं कुठलं ते मला नंतर कसं कळणार?"

मग त्यांचा हात उजव्या कानाकडे गेला. खाकी कागदाचा तुकडा ओढून त्यांनी लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचलं. कुणाचाच पत्ता लागला नाही, अण्णा.

दोन वर्षं मी त्यांच्याशी रोज बोलत होते आणि त्यांनी माझं एकही वाक्य लिहून घेतलेलं नव्हतं. पाहुणा माणूस जपून बोलतो, त्याचं घ्यायचं नाही, असं ते म्हणत. आज घेतलं, ते हे.

"तुझ्या चोळीचा एखादा तुकडा असला तर घेऊन ये," ते म्हणाले.

माझ्या सगळ्या चोळ्या पुण्याहून शिवून आणलेल्या, तुकडा कुठला असणार? मी मागे गेले, माझ्या ट्रंकेतली हिरवी चोळी काढली आणि आतल्या बाजूचं जादा कापड कातरून आणलं. अण्णांनी ते वाकडं कातरलेलं बघून तोंड वाईट केलं, कडा सरळ करून घेतली आणि एका चिटोऱ्याचं गाठोडं बांधलं. पहिल्या पेटीला कुलूप लावलं. मग दुसऱ्या पेटीकडे, म्हणजे 'पडणे'च्या पेटीकडे वळले. कुलपावर हात ठेवला.

"पोरी, ही उघडली नव्हतीस ना?"

"अण्णा, नाही," मी म्हटलं.

"सरी," ते म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातात दिली.